गोळी महागली, नेमबाज अडला

नेमबाजीत मूल पुढे सरकू लागले की घरचा हिशेब बदलतो. दहा मीटर एअर रायफलला शिशाचे छर्रे लागतात. त्यांत दारू नसते, त्यांना परवाना लागत नाही आणि सरावात हात आखडता घ्यावा लागत नाही. तेच मूल पन्नास मीटरच्या रायफलकडे वळले की ट्रिगर दाबताना दर वेळी .२२ चे एक काडतूस खर्ची पडते. स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस बहुधा परदेशातूनच येते. गेल्या काही वर्षांत त्याची किंमत अशी चढली आहे की गुणवत्ता असूनही अनेकांना दहा मीटरवरच थांबावे लागेल, अशी भीती वाटते.

ही भीती पोकळ नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याची हकीकत त्या दिवसांत सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. पदकानंतर लगेचच सत्काराची भाषणे सुरू झाली, राज्य सरकारने एक कोटीचे बक्षीस जाहीर केले. ते योग्यच होते. पण पैसा पदकानंतर आला, आणि गोळ्या त्याआधी कित्येक वर्षे लागत होत्या.

भाव का चढले? व्यापाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचे ठरवले. १५५ मिलिमीटरचा एक गोळा पूर्ण पल्ल्यावर डागायला दहा किलोच्या आसपास दारू लागते. .२२ च्या काडतुसात ती जेमतेम ०.०६५ ग्रॅम असते. म्हणजे एका तोफगोळ्याच्या दारूच्या वजनात दीड लाख काडतुसे भरतील. दारूची जात वेगळी असते हे खरे, पण दोन्हींचा पाया एकच: नायट्रोसेल्युलोज. ते मुख्यतः सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून बनते. युरोपला या लिंटरसाठी मोठ्या प्रमाणावर चीनच्या तोंडाकडे पाहावे लागते. टंचाई इतकी की छपाईची शाई आणि रंगांसाठी नायट्रोसेल्युलोज बनवणारी हागेडोर्न ही जर्मन कंपनी २०२५ मध्ये ऱ्हाइनमेटलने लष्करी दारूसाठी ताब्यात घेतली. त्याआधी, २०२४ मध्ये अमेरिकेत अलायंट कंपनीने घरी काडतुसे भरणाऱ्या हौशी नेमबाजांना दारू पाठवणेच थांबवले होते.

.२२ मध्ये दारू चिमूटभर, मग ते का महागावे? कारण बाकीचे सगळे धातू आहेत. गोळी २.६ ग्रॅम शिशाची, पुंगळी पितळेची, आणि पितळात सर्वाधिक वाटा तांब्याचा. मे २०२४ मध्ये तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात टनामागे ११ हजार डॉलरच्या वर गेला होता. हवेत उडणाऱ्या चकत्या, म्हणजे क्ले, बंदुकीने फोडणाऱ्या ट्रॅपवाल्यांचे हाल तर याहून वाईट. बारा बोअरच्या एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रा असतो आणि पंचवीस क्लेच्या एका फेरीतच किमान ६०० ग्रॅम शिसे उडून जाते.

त्यात बनवणारेही मोजके. पहिल्या फळीतले नेमबाज इंग्लंडची ईली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडच्या लापुआची जर्मनीत तयार होणारी काडतुसे यांभोवतीच फिरतात. आरडब्ल्यूएस २०२२ मध्ये बेरेटाकडे गेली. अमेरिकेतल्या फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन २०२४ मध्ये एका झेक शस्त्रसमूहाने घेतल्या. लष्कराच्या मोठ्या मागण्या दाराशी उभ्या असताना क्रीडा नेमबाजाची पेटी कोणाला तातडीची वाटणार?

दुसऱ्या कंपनीचा स्वस्त माल घ्यावा, असे बाहेरच्याला सहज सुचते. रेंजवर ते चालत नाही. प्रत्येक नळीला मानवणारा ‘लॉट’, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या काडतुसांचा गट, वेगळा असतो. त्यासाठी नेमबाज स्वतःची रायफल घेऊन ईली किंवा लापुआच्या चाचणी केंद्रात जातात, एकामागून एक लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट एकदम उचलतात. पन्नास मीटरवरचे दहाचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे काडतुसातला किंचित फरकही गुण खातो.

भारतीय नेमबाजावर आणखी एक ओझे आहे, रुपयाचे. २०२० च्या सुरुवातीला ८० रुपयांच्या आसपास असलेला युरो २०२५ मध्ये शंभरी ओलांडून गेला. कंपनीने एक पैसाही भाव वाढवला नसता, तरी तेच काडतूस चौथाईने महागले असते. आयातीवरच्या सीमाशुल्कात सवलत आहे, पण ती ‘नामांकित नेमबाज’ ठरलेल्यांना. त्या पायरीवर पोहोचण्यासाठी जो सराव लागतो, त्याच काळात सवलत नसते. हे धोरण उलटे आहे, आणि ते बदललेच पाहिजे.

या कोंडीतून सुटण्याची सामग्री महाराष्ट्रातच पडून आहे. सरकी विदर्भात आणि खानदेशात पिकते. दारू आणि स्फोटके भंडाऱ्याच्या कारखान्यात बनतात. वरणगावला बंदुकीची काडतुसे तयार होतात, आणि १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का परवानाधारकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. हे कारखाने आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. ऑलिम्पिक अंतिम फेरीच्या तोडीचे काडतूस लगेच बनणार नाही. त्या काटेकोरपणाला वर्षे लागतात. पण रोजच्या सरावापुरते भरवशाचे .२२ बनवणे या कारखान्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. सराव देशी काडतुसावर आणि स्पर्धा परदेशी लॉटवर, एवढी विभागणी झाली तरी पालकांचा बराच भार उतरेल.

तोवर राज्याच्या क्रीडा खात्याने एक काम करावे. क्रीडा प्रबोधिनीत आणि जिल्ह्यांच्या रेंजवर पन्नास मीटर खेळणाऱ्या कनिष्ठ गटातल्या मुलामुलींच्या काडतुसांचा खर्च स्वतःकडे घ्यावा, आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी.