पंचाचा निर्णय आणि मैदानाच्या कडेचे आपण

आपल्या शाळेच्या आजवरच्या स्मरणिका चाळल्या, तर क्रीडाविभागाच्या वृत्तान्तात विजेत्या संघांची नावे आढळतात, उपविजेत्यांची आढळतात, करंडक देणाऱ्या पाहुण्यांचीही आढळतात. सामन्याला पंच कोण होते, याची नोंद मात्र आम्हांस कोठेही सापडली नाही. ही तक्रार नव्हे. ज्या सामन्यानंतर पंचाची आठवण कोणालाच राहत नाही, तो सामना बहुधा नीट पार पडलेला असतो. तथापि माजी विद्यार्थी या नात्याने शाळेच्या वार्षिक फुटबॉल स्पर्धेत शिट्टी हाती घेण्याचा योग आम्हांस अनेकदा आला, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांचा, माजी विद्यार्थ्यांचा आणि हितचिंतकांचा सूर अलीकडे ज्या प्रकारे चढू लागला आहे, तो पाहता या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

कडेवरून सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “अहो, त्यानं मुद्दाम नाही केलं!” आपल्या मुलाविषयी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु फुटबॉलचा नियम हा प्रश्नच विचारत नाही. या खेळाचे एकंदर १७ नियम आहेत आणि त्यांतील बारावा फाऊल व गैरवर्तन यांविषयीचा आहे. प्रतिस्पर्ध्याला पाडणे, ढकलणे, लाथ लागणे यांसारख्या कृतींना तो तीन पायऱ्या लावतो. खेळाडूने पुरेशी काळजी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा. फाऊल द्यावा, कार्ड नको. समोरच्याला इजा होईल की नाही याची पर्वाच केली नाही, तर ती बेपर्वाई, पिवळे कार्ड. आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरून समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर लाल कार्ड. या तिन्ही पायऱ्यांवर पंच खेळाडूच्या मनात डोकावत नाही. तो पाय कोठून आला, किती वेगाने आला, तळवा उघडा होता काय, चेंडू आवाक्यात होता काय, एवढेच पाहतो. “आधी चेंडूला पाय लागला होता,” हा दुसरा नेहमीचा बचावही त्यामुळेच अपुरा ठरतो. चेंडू मिळवूनही फाऊल होऊ शकतो. हेतूचा विचार नियमात येतो तो मुख्यतः हाताने चेंडू खेळण्याच्या बाबतीत, आणि तेथेही केवळ हेतूवर सारे अवलंबून नसते. हात अनैसर्गिक रीतीने पसरून शरीराचा आकार वाढवला असेल तरीही तो गुन्हा ठरतो.

कार्डांविषयीही एक गैरसमज दृढ आहे. कार्ड म्हणजे पंचाच्या अधिकाराचे शस्त्र, असे मुलांना वाटते; काही पंचांनाही वाटते, हे खेदाने नमूद करावे लागते. वस्तुतः कार्डाचा जन्म अधिकार गाजवण्यासाठी झालाच नाही. १९६६ च्या विश्वचषकात वेम्ब्ली येथे इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रातिन याला बाहेर काढले. पंचाला स्पॅनिश येत नव्हते आणि रातिनला जर्मन. कर्णधार मैदान सोडीना, कित्येक मिनिटे खेळ खोळंबला, आणि कोणाकोणाला ताकीद मिळाली हेही प्रेक्षकांस नीट उमजले नाही. त्या स्पर्धेत पंचांची व्यवस्था पाहणारे इंग्रज पंच केन अॅस्टन हे मोटारीतून जाताना रस्त्यावरील सिग्नलपाशी थांबले असता त्यांना पिवळ्या आणि लाल रंगाची कल्पना सुचली. अॅस्टन यांना अशा गोंधळाची ओळख नवी नव्हती. १९६२ साली सांतियागो येथे चिली आणि इटली यांच्यात जो लाजिरवाणा सामना झाला, त्याचे पंच तेच होते. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात कार्डे प्रथम वापरली गेली, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. भाषा न समजणाऱ्या माणसाला आणि दूर बसलेल्या प्रेक्षकाला निर्णय कळावा, एवढ्यासाठी ही रंगीत पुठ्ठ्याची भाषा आली. ज्या मैदानावर पंच आणि खेळाडू दोघेही मराठी बोलतात, एकाच भोजनगृहात जेवतात, तेथे कार्डाच्या आधी दोन शब्द बोलण्यास काय हरकत आहे? बेपर्वाईला कार्ड द्यावेच लागते, त्यात सूट नाही. परंतु वारंवार कुरबुर करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला पहिल्या खेपेस बाजूला घेऊन समज देणारा पंच आम्हांस अधिक समर्थ वाटतो.

आता गोलाविषयी. फाऊल हा पुष्कळ अंशी पंचाच्या तारतम्याचा भाग आहे. गोल तसा नाही. संपूर्ण चेंडू संपूर्ण गोलरेषेपलीकडे, दोन खांबांच्या मध्ये आणि आडव्या दांड्याखाली गेला की गोल. किंचितही कमी असेल तर नाही. चेंडू मैदानाबाहेर गेला की नाही, याचाही हाच कस. हे मत नव्हे, ही वस्तुस्थिती. म्हणूनच येथील चूक अधिक झोंबते. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे भारत आणि कतार यांच्यात झालेला सामना आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर किंवा भ्रमणध्वनीवर पाहिला असेल. सुनील छेत्री अवघ्या पाच दिवसांपूर्वी निवृत्त झाला होता. लालियनझुआला छांगते याच्या गोलामुळे भारत आघाडीवर होता, आणि हा सामना जिंकला असता तर विश्वचषक पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत आपण प्रथमच पोहोचलो असतो. ७३ व्या मिनिटास गुरप्रीतसिंग संधूने अडवलेला चेंडू गोलरेषा ओलांडून बाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पुन्हा आत ओढला आणि युसुफ आयमेन याने जाळ्यात टाकला. आपले खेळाडू खेळ थांबला असे समजून उभे होते. पंचांनी गोल दिला. त्या फेरीत चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची व्यवस्था नव्हती. पुढे कतारने आणखी एक गोल केला आणि भारत १-२ असा हरला.

त्या रात्रीच्या संतापात आम्हीही सहभागी होतो, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या दिवशी ‘पंच विकला गेला’ हे वाक्य ज्या सहजतेने सर्वत्र फिरू लागले, त्यात सहभागी होणे आम्हांस जमले नाही. चूक ढळढळीत होती. पंच आणि साहाय्यक यांच्यापैकी एकाची तरी नजर गोलरेषेवर असावयास हवी होती, आणि त्याबद्दल जाब विचारणे हे आपल्या फुटबॉल महासंघाचे कर्तव्यच होते. परंतु चूक सिद्ध झाली म्हणजे लबाडी सिद्ध झाली, असे नव्हे. १९८६ साली मॅराडोनाने हाताने गोल केला, तेव्हाचे ट्युनिशियाचे पंच अली बेनासर यांनी पुढे सांगितले की, आपण साहाय्यकाकडे पाहिले आणि तिकडून हरकत आली नाही, म्हणून गोल दिला. प्रामाणिक माणसाकडून विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यातही असे घडू शकते.

हे आम्ही इतक्या खात्रीने लिहितो, त्याचे कारण व्यक्तिगत आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आम्ही पंच होतो. गोलखांबांना जाळी नव्हती, आजही नाही. एका लांब फटक्यावर चेंडू खांबाजवळून गेला. खेळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे इतक्या झपाट्याने गेला होता की आम्ही मध्यरेषेपासून फारसे पुढे पोहोचलो नव्हतो. मुलांनी जल्लोष केला, आम्ही शिट्टी वाजवून मध्याकडे हात दाखवला. मागाहून आमचे लक्ष कडेला गेले. नववीतला एक मुलगा त्या बाजूला झेंडा घेऊन उभा होता, आणि तो झेंडा वर होता. तो गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत होता. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, हे त्याने पाहिले होते.

नियम येथे स्पष्ट आहे. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंचाला आपला निर्णय बदलता येतो. सुरू झाल्यावर नाही. गोल दिल्यापासून मध्यातून चेंडू पुन्हा खेळला जाईपर्यंत मिनिटभराचा अवधी असतो, आणि तो नियमानेच पंचाला दिलेला असतो. आम्हांला फक्त त्या मुलापर्यंत धावत जाऊन विचारावयाचे होते. आम्ही गेलो नाही. पाहुणे टाळ्या वाजवत होते, एका संघाची मुले एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि दिलेला गोल परत घेतला तर पंच कच्चा आहे असे म्हणतील, ही भीती आमच्या मनात होती. आम्ही शिट्टी वाजवली. सामना त्याच एका गोलाने संपला.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. दहा मिनिटांनी आम्ही दुसऱ्या संघाला गोलासमोर एक फ्री किक दिली. तो फाऊल नव्हता. मनातल्या मनात आम्ही हिशेब मिटवत होतो. पंचगिरी करणाऱ्या प्रत्येकाला हा मोह ठाऊक असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यांना तो न्यायासारखा वाटतो. परंतु पहिल्या चुकीत निदान नजरेचा दोष होता. दुसऱ्या वेळी आम्ही जे पाहिले त्याच्या विरुद्ध, जाणूनबुजून निर्णय दिला. त्या फ्री किकवर गोल झाला नाही, हे आमचे सुदैव म्हणावयाचे.

पुढे माजी विद्यार्थी मेळाव्यात त्या झेंडेवाल्या मुलाची भेट झाली. आता तो नोकरीला लागला आहे. आम्हीच विषय काढला. त्याने एवढेच विचारले, “दादा, तुम्ही तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं ना?”

पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूर येथे अतिरिक्त वेळेत छेत्रीने भिंत उभी राहण्यापूर्वीच फ्री किक घेऊन गोल केला, तेव्हा केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी निषेध म्हणून आपला संघ मैदानाबाहेर नेला. प्रतिस्पर्ध्याला सावध होऊ न देता झटपट फ्री किक घेण्यास नियमाची मुभा आहे. पंचाने थांबण्याची खूण केली होती काय, एवढाच वाद होता, आणि तो वाद घालण्यासारखा होता. परंतु संघ उठून गेला, सामना गेला, वर चार कोटी रुपयांचा दंड झाला. महत्त्वाचे म्हणजे मैदान सोडल्यावर त्यांची बाजू ऐकण्याची कोणाची इच्छा उरली नाही. असे असले तरी निर्णय अंतिम असणे आणि निर्णय निर्दोष असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवाचून सामना संपणार नाही. दुसरी खरी आहे असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांची दिशाभूल होय. मुले मूर्ख नसतात. चेंडू कोठून गेला ते त्यांनी पाहिलेले असते.

कधी कधी तर पंच अचूक असतो आणि तरीही मन मान्य करत नाही. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध अखेरच्या क्षणी गोलात जाणारा चेंडू उरुग्वेच्या लुईस सुआरेझने रेषेवर हाताने अडवला. पंचांनी लाल कार्ड दिले, पेनल्टी दिली, दोन्ही नियमानुसार. असामोआ ग्यानचा फटका दांड्यावर आदळला आणि पुढे घाना हरला. येथे रोष पंचावर काढणे व्यर्थ आहे. नियम बदलावयाचा असेल तर तो नियम करणाऱ्यांकडून बदलून घ्यावा लागतो, आणि तसे होतेही. २०१० मध्येच लॅम्पार्डचा स्पष्टपणे रेषेपलीकडे गेलेला चेंडू गोल म्हणून मोजला गेला नाही. दोन वर्षांनी गोलरेषेवरील तंत्रज्ञानास मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरलेही गेले.

आपल्या मैदानावर असले तंत्रज्ञान येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांपैकी इच्छुकांना दर वर्षी स्पर्धेपूर्वी नियमांचे चार वर्ग द्यावेत आणि साहाय्यक पंच म्हणून त्यांनाच उभे करावे. झेंडा वर गेला की मुख्य पंचाने त्याच्याकडे गेलेच पाहिजे, हा आपल्या स्पर्धेचा लेखी नियम असावा. पालकांनी आणि आम्हां माजी विद्यार्थ्यांनी कडेच्या रेषेपासून दहा पावले मागे, दोरीपलीकडे उभे राहावे. झेंडा धरणारा मुलगाही कोणाचा तरी मुलगा असतो, हे ओरडताना आपल्या लक्षात येत नाही. स्मरणिकेच्या वृत्तान्तात यापुढे पंच आणि साहाय्यक यांची नावे छापावीत. आणि गोलखांबांना जाळ्या बसवाव्यात. त्यांचा खर्च आमच्या तुकडीने उचलण्याचे ठरवले आहे. खांबांची मापे क्रीडाशिक्षकांनी कळवावीत, एवढीच विनंती आहे.