झड की गळती?



पाने झडतात आणि छप्पर गळते. पहिला ऋतूचा क्रम, दुसरा घरातला बिघाड. परक्या भाषेतील मजकूर मराठीत आणताना हा भेद आमच्या फार उपयोगी पडतो. मांजराच्या केसांविषयी बोलताना मात्र आपण हे दोन्ही शब्द सरसकट वापरतो. मग कधी ऋतूच्या क्रमालाच रोग समजून घाबरतो, तर कधी रोगाला ऋतू समजून स्वस्थ बसतो.

हे लिहिण्यास निमित्त झाले एका भगिनींच्या पत्राचे. बदलीमुळे त्यांचे कुटुंब पुण्याहून दिल्लीस गेले. घरातले मांजरही बरोबर गेले. फेब्रुवारी सरता सरता त्याचे केस इतके जाऊ लागले की, गादीवर, मुलांच्या गणवेशावर, पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर केसच केस. त्यातच धाकट्या मुलाला रात्री धाप लागू लागली. सासूबाईंचे म्हणणे असे की, केस पोटात जाऊन मूल आजारी पडले आहे, तेव्हा मांजर दूर कोठे तरी मंडईत सोडून यावे. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध देऊ केले आहे. "आधी काय करू?" असे या भगिनी विचारतात.

आधी ते औषध परत करावे. कुत्र्यांसाठी असलेल्या पिसवांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन नावाचे द्रव्य असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराच्या यकृताला मात्र त्याचा पुरेसा निचरा करता येत नाही. कातडीवर पडलेल्या थोड्याशा औषधानेही मांजराला कंप सुटतो, झटके येतात आणि प्रसंगी ते दगावते. चुकून ते लावले गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. फिनेल किंवा जंतुनाशक द्रावण यांनीही मांजराचे अंग कधी पुसू नये. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याला विषासमान आहे.

आता केसांकडे वळू. मांजराचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, नंतर विसावतो आणि खालून नवा केस येऊ लागला की जुना सुटतो. या चक्रावर उन्हाथंडीचा परिणाम होतोच. परंतु त्याहून अधिक होतो तो दिवसाच्या लांबीचा. तिरुवनंतपुरम येथे वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सुमारे १ तासाचे अंतर असते. पुण्यास ते २ तासांहून थोडे अधिक, तर दिल्लीस साडेतीन तासांहूनही अधिक. म्हणजे पुण्याच्या मांजराने दिल्लीच्या हिवाळ्यात दाट अंगरखा चढविला आणि दिवस मोठा होऊ लागताच तो उतरवून ठेवला, असा संभव फार मोठा आहे. ही झड झाली. याउलट, जे मांजर अहोरात्र घरात, विजेच्या दिव्यांखाली वावरते, त्याचे केस वर्षभर थोडे थोडे जात राहतात. पिले झाल्यानंतर मांजरीचे केस विरळ होतात, तेही पुष्कळदा स्वाभाविकच असते.

परंतु संभव म्हणजे निदान नव्हे. मांजराला उजेडात मांडीवर घ्यावे आणि बोटांनी केस बाजूला सारून कातडी पाहावी. मान, पाठ, शेपटीचे मूळ, पोट आणि मांड्यांची आतली बाजू ही ठिकाणे मुळीच चुकवू नयेत. कातडी स्वच्छ असेल, केस सर्वत्र सारखेच विरळ झाले असतील आणि कोठेही टक्कल नसेल, तर चिंतेचे कारण नाही. चट्टा, खपली, कोंडा किंवा लाली दिसली, अथवा मांजर सारखे खाजवीत वा चाटीत असले, तर ती गळती समजावी.

गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पिसवा. काही मांजरांना पिसवेच्या लाळेचे इतके वावडे असते की, थोडे चावेही अंगभर खाज आणतात. मग मांजर चाटून चाटून केस तोडते आणि त्या भरात पिसवाही गिळून टाकते. त्यामुळे पिसू दृष्टीस पडत नाही आणि धन्याला वाटते, केस आपोआप जात आहेत. यासाठी बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा होय. तो रंग पचलेल्या रक्ताचा असतो. अशा वेळी पशुवैद्याने मांजरासाठीच म्हणून दिलेले औषध वापरावे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावे. पिसवेची अंडी मांजराच्या अंगावर राहत नाहीत. ती गादीत आणि सतरंजीत पडतात.

गोल, कोंडा सुटलेला चट्टा आणि त्यात तुटक केस दिसले, तर गजकर्णाची शंका घ्यावी. हा बुरशीचा रोग असून तो मुलांनाही जडतो. म्हणून उपचारास विलंब नको. म्हातारे मांजर भरपूर खाऊनही रोडावत असेल आणि त्याचे केस विस्कटलेले राहत असतील, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. "नव्या घरी करमत नाही, म्हणून चाटते" असे म्हणण्याची मात्र घाई करू नये. केवळ मनाच्या अस्वस्थतेमुळे केस गेले, असे ज्यांच्याविषयी मानले जात होते अशा २१ मांजरांची तपासणी कॅनडातील तज्ज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी निव्वळ मानसिक कारण अवघ्या २ मांजरांत आढळले!

झड थांबविता येत नाही. ती फणीत गोळा करता येते. आखूड केसांच्या देशी मांजराला आठवड्यातून एकदोनदा आणि झडीच्या दिवसांत रोज विंचरावे. पर्शियन मांजराला तर रोजच फणी हवी. नाही तर केसांच्या जटा होतात. त्या कात्रीने कापू नयेत, मांजराची कातडी फार नाजूक असते. जो केस फणीत येतो, तो मांजराच्या पोटात जात नाही. त्याच्या जिभेवर मागे वळलेले काटे असल्यामुळे तोंडात आलेला केस त्याला थुंकता येत नाही. तो गिळावाच लागतो.

आहाराकडेही पाहावे. केस हा मुख्यत्वे प्रथिनांचा बनलेला असतो आणि मांजर हा जातीने मांसाहारी प्राणी. दूध-पोळीवर त्याचे पोट भरेल, परंतु त्याला लागणारे टॉरिन त्यातून पुरेसे मिळणार नाही. टॉरिन कमी पडल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मासे, मांस घरात चालत नसेल, तर मांजरासाठी तयार मिळणारे संपूर्ण खाद्य द्यावे.

राहता राहिले मूल. मांजराचे वावडे असते ते मुख्यतः त्याच्या लाळेतील व कातडीवरील एका प्रथिनाचे. केस हे त्याचे केवळ वाहन. तेव्हा केस पोटात गेल्याने धाप लागते, ही समजूत खरी नव्हे. पण मुलाच्या धापेचा मांजराशी काहीच संबंध नाही, असेही येथून म्हणता येणार नाही. धाप ही थांबण्याजोगी गोष्ट नाही. मुलाला आजच डॉक्टरांकडे न्यावे. तोवर मांजराला निजण्याच्या खोलीत येऊ देऊ नये, विंचरण्याचे काम मोठ्या माणसाने घराबाहेर करावे आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी. वावडे ठरले आणि डॉक्टरांनी तसे सांगितलेच, तर मांजरासाठी दुसरे घर शोधावे. मंडई हे घर नव्हे. जनावर उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे.

भगिनींनी सासूबाईंना शेजारी बसवून, उजेडात, मांजराची कातडी एकदा नीट पाहावी. काय दिसले, ते आम्हांला अवश्य कळवावे.