एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात किती हत्यारे?

22 सप्टेंबर 2025 पासून अनेक वैद्यकीय उपकरणांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र करकपातीने उपकरणाची किंमत काहीशी उतरली, तरी ते कोठे घडते, कोणाच्या गरजेसाठी घडते आणि गरीब रुग्णाच्या वाट्याला ते कोणत्या अवस्थेत येते, हे प्रश्न तसेच राहतात. सायनसच्या शस्त्रक्रियेतील हत्यारांकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ही हत्यारे दिसायला लहान आहेत. धोरणाच्या नजरेतून ती निसटली, याचे कारणही कदाचित तेच असावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे कॉल्डवेल आणि पॅरिसचे ल्यूक यांनी वरच्या ओठाखाली हिरडीपाशी छेद घेऊन गालाच्या पोकळीत शिरण्याची पद्धत रूढ केली. ती पुढे अनेक दशके चालली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून नाकातील श्लेष्म्याच्या प्रवाहाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा या पद्धतीच्या मुळाशी असलेला समज डळमळला. पोकळीला खालच्या बाजूने कृत्रिम खिडकी पाडली, तरी आतील सूक्ष्म केसल श्लेष्मा नैसर्गिक छिद्राकडेच वाहून नेतात. तेव्हा उपचार करायचा तो त्या छिद्रावर. हॉपकिन्स यांच्या भिंगरचनेमुळे 4 मिलिमीटर जाडीच्या नळीतून स्वच्छ प्रतिमा मिळू लागली होती. 1980 च्या दशकात श्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी ही शस्त्रक्रिया जगभर नेली.

या प्रगतीची एक किंमत होती. दुर्बीण सामान्यतः शल्यविशारदाच्या एका हातात असते, त्यामुळे काम करायला हात उरतो एकच. चिमट्याने पॉलिपचा तुकडा काढावा तर रक्त साचते. रक्त ओढून घेण्यासाठी चिमटा बाहेर काढून सक्शनची नळी आत घालावी, तोवर दुर्बिणीचे भिंग माखते. ते पुसून पुन्हा आत जावे तर रक्त पुन्हा साचलेले. ही अदलाबदल एका शस्त्रक्रियेत कितीतरी वेळा होते. प्रत्येक वेळी अरुंद नाकपुडीच्या आतील नाजूक आवरणाला धक्का लागतो आणि नव्याने रक्तस्राव होतो. एकाच हत्याराने दोन-तीन कामे व्हावीत ही मागणी येथून, थेट शस्त्रक्रियेच्या मेजावरून आली.

पहिली उत्तरे साधी होती. आवरण उचलण्याच्या चपट्या हत्याराला सक्शनची पोकळ दांडी जोडली, की उचलणे आणि रक्त ओढणे एकत्र होते. मोठी झेप घेतली ती मायक्रोडीब्रायडरने. मूळ कल्पना दुसऱ्या क्षेत्रांतील. सांध्यांच्या शस्त्रक्रियेत तशी यंत्रे वापरात होती. 1994 च्या सुमारास सेटलिफ आणि पार्सन्स यांनी ती नाकाच्या शस्त्रक्रियेत आणली. नळीच्या टोकाला खिडकी, आत मागे-पुढे फिरणारे पाते आणि सोबत सतत सक्शन. ऊती आत ओढली जाते, कापली जाते आणि नळीतून बाहेर जाते. पुढे पाण्याचा प्रवाह, वाकडी पाती, रक्तवाहिनी जाळून बंद करणारी विद्युतसोय, संगणकाच्या नकाशावर टोकाची जागा दाखवणारी यंत्रणा, असे एकेक काम त्याच दांडीवर चढत गेले.

येथे उत्साहाला थोडा लगाम हवा. डोळा आणि सायनस यांच्यामधील हाड इतके पातळ असते, की त्याच्या लॅटिन नावातच कागद आहे. साध्या चिमट्यात धरलेली ऊती कोणती, हे सर्जनच्या बोटांना काही अंशी कळते. फिरत्या पात्याला ती जाण नाही. पडदा फुटला तर सक्शन डोळ्याभोवतीची चरबी आणि स्नायू क्षणात आत ओढू शकते. म्हणजे ज्या सक्शनमुळे हत्यार उपयुक्त ठरते, त्यातच त्याचा धोका आहे. शिवाय चार कामे करणाऱ्या हत्याराची एक नळी तुंबली की चारही कामे थांबतात. म्हणून अनुभवी सर्जन साधे चिमटे मेजावरून हटवत नाहीत. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रे आणि 20 शस्त्रे सांगितली आहेत, आणि त्या सर्व यंत्रांत हातालाच प्रधान मानले आहे. याचा अभिमान आपण भाषणांत पुष्कळ मिरवतो. हत्यार घडवणाऱ्याने मात्र तो शब्दशः घ्यायला हवा.

2021 च्या म्युकरमायकोसिसच्या साथीने या हत्यारांचे महत्त्व कठोरपणे दाखवून दिले. त्या वर्षी जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सर्वाधिक. चर्चा झाली ती अॅम्फोटेरिसिनच्या टंचाईची. परंतु केवळ औषधाने हा आजार सहसा आटोक्यात येत नाही. बुरशीने मृत केलेली ऊती काढून टाकावी लागते, आणि तीही अनेकदा, पुन्हा पुन्हा.

खरी कळीची बाब आहे ती पात्याची. मायक्रोडीब्रायडरची बहुतेक पाती एकदाच वापरून टाकण्यासाठी बनवलेली असतात, कारण अरुंद नळीच्या आत अडकलेले ऊतींचे कण पूर्णपणे निघतील याची खात्री देता येत नाही. आपल्याकडे मात्र परवडत नाही म्हणून तीच पाती धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात, हे वैद्यकीय वर्तुळात उघड गुपित आहे. त्यात रुग्णालयांना दोष देऊन भागणार नाही. श्रीमंत देशांतील खरेदीव्यवस्था गृहीत धरून आखलेले उपकरण जसेच्या तसे येथे आणले, तर असेच होणार. येथे हवे ते उघडून, सुटे करून, घासून धुता येईल आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येईल असे बहुपयोगी हत्यार. त्यात कामे दोनच असली तरी चालतील.

असे हत्यार घडवण्याला धोरणाचे पाठबळ कितपत आहे? 2020 च्या 3,420 कोटी रुपयांच्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेने चार गट निवडले: कर्करोगावरील किरणोपचार; प्रतिमांकन; भूल, हृदय-श्वसन व मूत्रपिंड; आणि शरीरात बसवायची रोपणे. हातातली शल्यहत्यारे या चौकटीत बसत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेली 500 कोटींची योजना त्या मानाने अधिक उपयोगाची आहे, कारण तिच्यात सामायिक चाचणीसुविधा आणि वैद्यकीय अभ्यासांसाठी साहाय्य यांचा विचार आहे. लहान उत्पादक नेमका तेथेच अडतो. 2017 च्या नियमांनुसार जोखमीप्रमाणे अ ते ड असे वर्ग पडतात, आणि उपकरणाला एकाहून अधिक निकष लागू झाले तर वरचा वर्ग धरला जातो. साध्या सक्शनच्या दांडीला विद्युतसोय जोडली, की कागदपत्रे, चाचण्या आणि खर्च यांची पायरी चढावी लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण तो भार कोणी उचलायचा?

गोव्यापुरते बोलायचे तर अ आणि ब वर्गांतील उत्पादनाचे परवाने देण्याचा अधिकार राज्याच्याच यंत्रणेकडे आहे. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांमुळे निर्जंतुक उत्पादनाची शिस्त जाणणारे मनुष्यबळ येथे आहे. बांबोळीला 1842 ची परंपरा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय, फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय. मुंबईच्या आयआयटीत 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘बेटिक’ केंद्राने डॉक्टर आणि अभियंते यांना एका मेजाशी बसवून उपकरणे घडवता येतात हे दाखवले, आणि त्याचे जाळे पुणे, नागपूरपर्यंत नेले. बांबोळी आणि फर्मागुढी तर एकाच छोट्या राज्यात आहेत. नाक-कान-घसा विभागात वर्षभरात किती पाती विकत घेतली जातात, प्रत्येक किती वेळा वापरले जाते आणि कोणत्या कारणाने निकामी होते, एवढी नोंद ठेवून ती अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवायला कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही. दोन विभागप्रमुखांची एक बैठक पुरेशी आहे.