हातांना काम दे, म्हणे

"हातांना काम दे, आपोआप विसरशील." बाबा गेल्यावर आईला हे किती जणांनी ऐकवलं, त्याची मोजदाद नाही. काका, शेजारच्या मावशी, एक डॉक्टरसुद्धा. बाबांना ट्रकनं उडवलं ते तिच्या डोळ्यांदेखत. चौदाव्या दिवशी ती भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मांडीवर सूप घेऊन बसली. ओलं पान, कात्री, चिमूटभर तंबाखू, दोरा. दिवसाला हजार बिड्या. लोक म्हणाले, सावरली.

कसली सावरली! बोटं चालू असायची आणि डोळे मध्येच एका जागी थांबायचे. "परत तेच दिसलं," एवढंच म्हणायची.

हल्ली या सल्ल्याला विज्ञानाचं ठिगळ लावतात. टेट्रिस खेळलं की वाईट आठवणी जातात म्हणे, म्हणजे मन गुंतवलं की झालं. हे अर्धवट वाचन आहे. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 साली ऑक्सफर्डमध्ये लोकांना अपघात-मृत्यूची दृश्यं दाखवली. अर्ध्या तासानं ज्यांना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा छळू लागली. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण 2015च्या प्रयोगात फिल्मनंतर एक दिवस मध्ये गेला होता. तेव्हा आधी त्याच दृश्यांची आठवण करून दिली आणि मग टेट्रिस दिलं, तरच गुण आला. नुसत्या टेट्रिसनं आला नाही, नुसत्या आठवणीनंही नाही. म्हणजे चित्र आधी डोळ्यांसमोर यावं लागतं, आणि त्याच वेळी डोळ्यांची ती जागा दुसऱ्या कामानं अडवावी लागते.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2001 साली दाखवलं की अप्रिय आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवले तर ती फिकी होते. नुसती बोटं आपटून तेवढी होत नाही. का, ते बिडी वळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. तीस वर्षं मुरलेलं काम डोक्याला लागतच नाही. आईची बोटं पान गुंडाळतात आणि डोकं अख्खं रिकामं राहतं. त्या रिकाम्या जागेत ट्रक येतो.

टेट्रिस रामबाण आहे असं मी म्हणत नाही. बाबा नसण्याचं दुःख कुठल्या खेळानं हलणार नाही, हलावं असं आईलाही वाटत नाही. प्रश्न त्या एका चित्राचा आहे. ते जाणकार माणसासमोर बसून बाहेर काढायचं असतं. आमच्या घरात नियम उलटा होता: तो विषय काढायचा नाही. यात आईचं भलं कुणी पाहिलं? घराला शांतता मिळाली, कारखान्याला बिड्या मिळाल्या. त्या घरात मीही होतो, गप्प.

नऊ वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी तिला विचारलं, "नेमकं काय दिसतं गं?"

कात्री थांबली. "चप्पल. रस्त्याच्या मधोमध, एकच." मग बराच वेळ बोलत राहिली. चपलेचा अंगठा बाबांनी आदल्याच दिवशी शिवून आणला होता, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी हजार भरल्या नाहीत, आणि माल घेणाऱ्यानं ते तिला ऐकवलंच.