‘बोर्ड गेलंय’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनं यंत्र चालू होत नाही म्हणजे ते मेलं, हा आपल्याकडचा सर्वात महागडा गैरसमज आहे. महागडा अशासाठी, की त्यावर दोन धंदे चालतात. एक नवीन यंत्र विकणाऱ्याचा. दुसरा, ‘आता सगळं क्लाउडवरच ठेवा’ म्हणत दरमहा भाडं घेणाऱ्याचा. आज दोघांशीही थोडं भांडायचं आहे. नातेवाईक मंडळींनीही वाचावं, कारण या भांडणाचं मूळ तुमच्याच घरातल्या कपाटात आहे.

विषय असा की, पुण्यातल्या एका ऑफिसने मोडीत काढलेला टॉवर सर्व्हर चुलतभावाने धर्मापुरीला आणून दिला. चार डिस्कची जागा, आठ जीबी मेमरी, वजन दोन माणसांनी उचलावं इतकं. घरच्या फोटोंचं आणि रेकॉर्डिंगचं कोठार करायचं ठरलं. बटण दाबलं की पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरायचे आणि पडद्यावर एकच ओळ यायची, ‘नो बूटेबल डिव्हाइस’. जवळच्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "बोर्ड गेलंय. भंगारात द्या, नवीन घ्या."

अहो, बोर्ड गेलं असतं तर ती ओळ लिहिली कुणी? प्रोसेसर चालला, मेमरी तपासली गेली, पडदा उजळला, बायोसने डिस्क शोधल्या आणि सापडली नाही म्हणून तसं प्रामाणिकपणे सांगितलं. इतकं बोलणाऱ्या पेशंटला मृत घोषित करणारा डॉक्टर तुम्ही पुन्हा गाठाल का? संगणकाच्या बाबतीत मात्र आपण मुकाट्याने मान डोलवतो, कारण ओळ इंग्रजीत असते आणि समोरचा ठामपणे बोलतो.

आता खरी कारणं बघू. एकही कारण ‘बोर्ड गेलंय’ नव्हतं.

पहिलं, तारीख. बायोसमध्ये तारीख कित्येक वर्षं मागची दिसत होती. म्हणजे बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल संपला. तीन व्होल्टचा, सीआर-२०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानातही मिळणारा. तो संपला की वीज काढताच बायोस ठेवलेल्या सेटिंगा विसरतं आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंगांवर जातं. डिस्क कुठल्या क्रमाने शोधायच्या, त्यांच्याशी रेडच्या पद्धतीने बोलायचं की साध्या एएचसीआयच्या, हे सगळं पुसलं जातं. काही रुपयांचा सेल, आणि निकाल काय, तर नवीन घ्या!

दुसरं, रेड कार्ड. ऑफिसच्या सर्व्हरमध्ये डिस्क या कार्डाला जोडलेल्या असतात. कार्ड दोन-चार डिस्क एकत्र बांधून बायोसला एकच मोठी डिस्क म्हणून दाखवतं. ऑफिसने जुन्या डिस्क काढून घेतल्या (बरोबरच केलं) आणि आपण नव्या लावल्या. कार्डाला या नव्या पाहुण्यांची ओळख नाही, म्हणून ते बायोसला काहीच दाखवत नाही. घरच्या कामाला हे कार्ड लागतच नाही. ते काढलं, केबली सरळ बोर्डावरच्या साटा जोडण्यांना लावल्या, बायोसमध्ये एएचसीआय निवडलं. चारही डिस्क नावानिशी दिसल्या. फायदा असा की उद्या हा डबा खरोखरच गेला, तर तसलंच कार्ड शोधत हिंडावं लागणार नाही. डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्सच्या यंत्राला लावून वाचता येतील.

तिसरं, पेनड्राइव्ह. नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय असतं. आजकाल इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह बनवताना पुष्कळदा फक्त यूईएफआयची पद्धत निवडली जाते. जुन्या यंत्राला ती भाषाच येत नाही. पेनड्राइव्ह दोन्ही पद्धतींनी चालेल असा बनवायचा. शिवाय कित्येक जुनी बायोसं पेनड्राइव्हला हार्डडिस्क समजतात. म्हणून बूटच्या क्रमात ‘यूएसबी’ पहिलं करून भागत नाही, हार्डडिस्कच्या यादीत आत जाऊन त्याला वर आणावं लागतं. नवीन डिस्क जोडली की ही यादी पुन्हा विस्कटू शकते. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ याचं उत्तर बहुधा इथे असतं.

चौथं, दोन टेराबाइटची भिंत. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कवरचा पत्ता ३२ बिटांत लिहितात आणि प्रत्येक खण ५१२ बाइटचा असतो. गुणाकार केला की दोन टेराबाइटच्या आसपास हिशोब संपतो. म्हणून चार टेराबाइटच्या डिस्कवरून बूट करायचा हट्टच धरू नये. एक छोटी एसएसडी घ्यावी, तिच्यावर डेबियन आणि त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट. मोठ्या डिस्क फक्त सामान ठेवायला, जीपीटी पद्धतीने आखलेल्या. एकदा लिनक्स उठलं की डिस्कशी ते स्वतः बोलतं, बायोसला मध्ये घेत नाही. (जुना डबा घेताना प्रोसेसर ६४-बिट आहे ना एवढं बघा. २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३पासून ३२-बिटसाठी इन्स्टॉलर मिळत नाही.)

पाचवं आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हर कीबोर्ड नाही म्हणून ‘एफ-१ दाबा’ असं म्हणत अडून बसतो. आता कीबोर्डच नाही तर दाबायचं काय? :-) बायोसमध्ये चूक दिसली तरी थांबू नकोस अशी सेटिंग असते, ती लावायची. तिच्याच आसपास ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ ही सेटिंग सापडते. ती ‘पूर्वीच्या स्थितीत ये’ अशी ठेवायची. लाइट दिवसातून किती वेळा जाते हे आपल्याला कुणी सांगायला नको.

झालं. सेल, केबली, पेनड्राइव्ह आणि दोन संध्याकाळी.

आता विरोधकांचा एक मुद्दा मान्य करतो, कारण तो खरा आहे. जुना सर्व्हर वीज खातो. शंभर वॅट धरले तर चोवीस तासांत २.४ युनिट, महिन्याला ७२. नुसते फोटो जपायला एवढं बिल भरणं वेडेपणा आहे. पण कोठाराचं दार चोवीस तास उघडं ठेवतो का आपण? संध्याकाळी दोन तास चालवला तर महिन्याला सहा युनिट. हा हिशोब न सांगता जे नुसतं ‘परवडत नाही’ म्हणतात, त्यांना विकायचं असतं दुसरंच काही.

आणि क्लाउड? ब्लॉगवाल्यांनो, आपण तरी ही भाषा बोलू नये. जिओसिटीज २००९मध्ये बंद पडलं. ऑर्कुट २०१४मध्ये गेलं. पिकासा २०१६मध्ये गुंडाळलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१पासून संपली. यात फसवणूक नाही, घर त्यांचं होतं, त्यांनी आवरलं. पण भाड्याच्या घराला वाडा समजायची सवय आपली. क्लाउड जरूर वापरा, दुसरी प्रत म्हणून. एकुलती एक प्रत म्हणून नको.

हाच नियम माझ्या डब्यालाही लागू आहे. ‘रेड आहे, आता चिंता नाही’ म्हणणारे उत्साही मित्र दुकानदाराइतकेच धोकादायक. रेड डिस्क मेल्यावर वाचवतं. चुकून पुसलेली फाइल, चोरी किंवा वीज पडणं यांतून वाचवत नाही. म्हणून एक डिस्क नेहमी दुसऱ्या गावी, दुसऱ्या नातेवाइकाच्या कपाटात.

इथून जवळच अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या माणसाने लांबच लांब कापडावर पंचीकरण लिहून काढलं, आणि ते कापड आज आपल्याला बघायला मिळतं, कारण पिढ्यान् पिढ्या कुणीतरी ते आपलं म्हणून जपलं. चारशे वर्षं कापड टिकतं आणि आपल्या लग्नाच्या सीडीवर पंधरा वर्षांत बुरशी चढते. फरक वस्तूपेक्षा जपणाऱ्यात जास्त आहे.

आमच्याकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या तीन कॅसेट आहेत. आजी आता नाही. त्या ओव्या तिच्याशिवाय कुणालाच पूर्ण येत नव्हत्या. कोठार कशाला, असं विचारणाऱ्या प्रत्येक काकांना आणि दादांना माझं एवढंच उत्तर आहे.

तेव्हा मंडळी, दिवाळीला गावी येताना फराळासोबत तुमच्याकडच्या सीड्या, जुने मोबाइल, पेनड्राइव्ह आणि ‘चालत नाही’ म्हणून माळ्यावर टाकलेल्या हार्डडिस्क घेऊन या. आणि कुणी म्हणालं की बोर्ड गेलंय, तर एवढंच विचारा, "पडद्यावर काय लिहून आलं होतं?" उत्तर देता आलं नाही, तर यंत्र उचला आणि घरी आणा.