संपादकीय : पाचवे शील आणि आपली मुले



ही स्मरणिका आपल्या हाती देत आहोत. यंदा एका नाजूक विषयाला हात घालण्याचे आम्ही ठरविले आहे. आपल्या कुमारवयीन मुलांच्या ओठी लागू पाहणारी दारू, हा तो विषय होय.

सलालाहमध्ये दारू आहे कोठे, असे कोणी विचारील. येथे गल्लोगल्ली गुत्ते नाहीत, हे खरे. मुस्लिमेतर रहिवाशास त्यासाठी परवाना काढावा लागतो, किंवा मोठ्या हॉटेलाची पायरी चढावी लागते. त्यामुळे आपली मुले या वाऱ्यापासून सुरक्षित आहेत, अशी आपण आपली समजूत करून घेतली आहे. पण परवान्यावर आणलेली ती बाटली अखेर उघडते ती आपल्याच दिवाणखान्यात! गुत्त्यावर जाणारा बाप निदान मुलाला घरी ठेवून जात असे. आपण मात्र मुलालाच फ्रीजमधील बर्फ आणावयास सांगतो.

दारू हे दरिद्री वस्तीचे दुखणे आहे, हा समज सुशिक्षितांनी मोठ्या सोयीने जोपासला आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा तो समज बळावला. पण मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती चालविणारा सतरा वर्षांचा मुलगा धनाढ्य घरातील होता आणि त्यापूर्वी तो पबमध्ये मित्रांसह मद्य प्याला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. तरीही जामिनाच्या पहिल्या आदेशात त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आले. वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला असा निबंध आला असता काय, हा प्रश्न आम्ही येथेच सोडून देतो.

गरिबाघरचे पोर बापासाठी बाटली आणता आणता तिची चव घेते, तर श्रीमंताघरचे वाढदिवसाच्या मेजवानीत. पैशाने बदलतो तो पेला आणि पोलीस ठाण्यातील वागणूक. पहिला घोट देणारा हात मात्र दोन्हीकडे आपल्या माणसाचाच असतो.

आपला समाज या दोहोंच्या मध्ये उभा आहे, आणि म्हणूनच आम्हाला अधिक काळजी वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या प्रतिज्ञेच्या बळावर कित्येक आजोबांनी हातभट्टी सोडली, आणि वाचलेल्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली. त्याच मुलांनी पुढे साहेबी नोकरीत शिरल्यावर विलायती बाटलीला प्रतिष्ठेचे लक्षण मानावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? (आम्ही दैव मानत नाही; पण शब्द चपखल आहे.) जयंतीच्या मिरवणुकीत डोलणाऱ्या तरुणांना आपण नावे ठेवतो. सायंकाळी प्रतिमेला पुष्पहार घालून रात्री मैफल जमविणारे मात्र स्वतःला त्यांच्याहून निराळे समजतात.

खरी कसोटी बारावीनंतर येते. येथे वाढलेले मूल पुण्या-नागपुरातील वसतिगृहात जाते, ते भरल्या खिशाने आणि एकट्याने. महिन्याच्या वंदनेनंतर एक भगिनी आम्हास म्हणाल्या, "मुलाला पैसे वेळेवर पाठवतो, पण तो रविवारी कोणाबरोबर असतो, ते आम्हाला ठाऊक नाही." भगवंतांनी राजगृहाजवळ सिगालाला केलेला उपदेश येथे आठवतो. सिगाल हा भिक्खू नव्हता, एका गृहस्थाचा तरुण मुलगा होता. मद्यपानाने धन जाते, कलह वाढतो, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज सुटते आणि बुद्धी मंदावते, हे सांगून भगवंत मित्रांकडे वळले. मद्यपानात तेवढा सोबत करणारा, तो मित्र नव्हे, असे त्यांनी त्याला बजावले. संगत आणि व्यसन यांचे हे नाते त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच ओळखले होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, नवरा वा मुलगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. तेव्हा आईच्या हाती चूल होती. आज तिचा मुलगा दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर खाणावळीत जेवतो, म्हणून उपायही निराळा शोधला पाहिजे.

मंडळाच्या बैठकीत असे ठरले आहे की, पुणे, नागपूर, मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ज्यांचे आप्त राहतात, त्यांनी आपल्या मुलांना रविवारी घरी जेवावयास बोलाविणाऱ्या कुटुंबांची नावे चिटणिसांकडे द्यावीत. यादी बुद्धपौर्णिमेपर्यंत तयार व्हावयाची आहे. ज्या घरी मंडळाचा कार्यक्रम असेल, त्या घरी त्या रात्री बाटली उघडावयाची नाही, हेही ठरले. या दुसऱ्या ठरावावर चर्चा पहिल्यापेक्षा बरीच लांबली, हे नमूद करणे आम्हास भाग आहे.