बाबांना 'गिनीपिग' करायचं?

वडिलांना स्ट्रोक येऊन गेलेला असतो. जरा सावरले की डॉक्टर विचारतात, "दुसरा झटका टाळण्यासाठी एक ट्रायल चालू आहे, घ्यायचं का यांना?" झालं! घरात एकच कल्ला, "आमच्या माणसाला गिनीपिग करताय का?" आणि सगळ्यात मोठा आवाज घरातल्या इंजिनियरचा. रोज ऑफिसात टेस्टिंगशिवाय पान न हलणाऱ्याचा!

मंडळी, माझा राग यावरच आहे. न तपासलेला कोड प्रॉडक्शनला गेला की आपण बोंब मारतो. मग उपचार न तपासता कसे चालतात?

"डॉक्टरांना कळतंच की काय चांगलं ते." नेहमी नाही हो. मेंदूतली रक्तवाहिनी अरुंद झाली तर स्टेंट घालून उघडा, किती सरळ लॉजिक! अमेरिकेतल्या सॅम्प्रिस ट्रायलमध्ये ते ४५१ पेशंटवर तपासलं. तीस दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू : स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, नुसत्या कडक औषधोपचारावर ५.८. २०११ मध्ये भरती थांबवावी लागली.

उलट चीनमधली चान्स ट्रायल (२०१३). सौम्य स्ट्रोकनंतर २४ तासांत ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिलं, तर नव्वद दिवसांत पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आलं. हे आपल्याला कळलं ते ५१७० 'गिनीपिगां'मुळे. त्यांनी मिळवलेलं ज्ञान आपण घेणार, आणि आपली पाळी आली की हात वर!

आता, संशय अगदीच खोटा नाही. लोकांना नीट न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी आपल्याकडे पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. नंतर २०१९ चे नियम आले. नव्या औषधाच्या ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई, असं त्यात लिहिलंय.

तेव्हा प्रश्न विचारा ना! सीटीआरआयवर नोंदणी आहे का? एथिक्स कमिटीची परवानगी? रक्तस्रावाचा धोका किती? नवं औषध नाही मिळालं तर नेहमीचे उपचार चालू राहतील का? मधेच बाहेर पडता येईल का? उत्तरं पटली नाहीत तर खुशाल नाही म्हणा.

आणि हो, बाबा शुद्धीवर असतील, त्यांना सगळं समजत असेल, तर आधी त्यांनाच विचारा. शरीर त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच.